येऊ का आत?

घिवली,
ता. ९ सप्टेंबर २०२४

'ओहोटीचा पाहुणा' या पुस्तकमालेचे लेखक प्रि. चंद्रभान यांस,

तुम्ही बाई की बाप्या ते पुस्तकावरून कळत नाही, म्हणून नुसतं 'यांस' लिहिलं. शेवटच्या पानावर 'छोट्या दोस्तांनो, आम्हाला पत्र लिहा' असं छापलंय, त्या पत्त्यावर पाठवते आहे. मी छोटी नाही. बत्तीस वर्षांची आहे, नाव रिद्धी. नवरा सुजीत बोईसरच्या कारखान्यात जातो, मुलगी भाविका सहावीत आहे. आम्ही माझ्या आईजवळ, समुद्राला लागून असलेल्या घरात राहतो.

भाविकाने तुमचे चारही भाग शाळेतून आणले आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवले. आईला मोतीबिंदू आहे, तिला आता माणूस दिसतो पण तोंड दिसत नाही. मी भाकऱ्या करता करता ऐकत होते. तुमचा ईशान भरतीबरोबर येतो, माणसाचं रक्त पितो, ओहोटीबरोबर जातो. संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतो, "येऊ का आत?" आणि घरातलं कुणी 'ये' म्हणेपर्यंत त्याला पाऊल टाकता येत नाही. इथपर्यंत ठीक होतं. पोरांना असलं भीतीचं आवडतं.

मग वाचलं की त्याच्या डाव्या भुवईत खाच आहे. अंगात निळा चौकडीचा शर्ट, आणि वरून दुसरं बटण पांढरं, काळ्या दोऱ्याने लावलेलं. माझी भाकरी तव्यावर करपली.

ते बटण मी लावलं होतं. घरात निळं बटण नव्हतं आणि निळा दोराही नव्हता. शर्ट माझ्या भावाचा, दर्पणचा, आणि भुवईतली खाचही त्याचीच. २००७ साली कोजागिरीच्या तिसऱ्या दिवशी तो पुंडलिककाकांबरोबर होडीवर गेला. होडी उलटली. काका फळीला धरून परत आले, दर्पण आला नाही. सापडलाही नाही.

आता आई काय करते ते ऐका. तिन्हीसांजेला दारात बसते आणि समुद्राकडे तोंड करून म्हणते, "ये." मी विचारलं तर म्हणाली, "इतकी वरसं उंबऱ्यावर उभा हाय गो. ये म्हटल्याबिगर येता येत नाय त्याला. आमी कुनी म्हटलंच नाय." पालघरला डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, तेही तिने मोडलं. दोन दिवस दार बंद राहील म्हणून.

त्यात परवा तुमच्या सिनेमाची माणसं आली. समुद्राकडे तोंड असलेली दारं शोधत होती. आमचं दार त्यांना फार आवडलं.

तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं ते मला कळलं पाहिजे. आणि आईला एक ओळ लिहा, की ईशान तुमच्या डोक्यातून निघालाय.

रिद्धी

*

पुणे,
ता. २३ सप्टेंबर २०२४

श्रीमती रिद्धी यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. भावाविषयी वाचून मनापासून वाईट वाटलं. मात्र ईशान हे पात्र पूर्णपणे काल्पनिक आहे. निळा चौकडीचा शर्ट त्या काळी घराघरात होता, आणि वेगळ्या रंगाचं बटणही काही फार दुर्मीळ नव्हे. असे योगायोग लेखनात होतात. चित्रपटाच्या जागा निर्माते ठरवतात, त्यात लेखकाचं काही चालत नाही.

आईंना एवढं वाचून दाखवावं: येसूकाकी, ईशान म्हणजे तुमचा दर्पण नव्हे. कृपा करून त्याची वाट पाहू नका. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या.

आपला विश्वासू,
प्रि. चंद्रभान

*

घिवली,
ता. ८ ऑक्टोबर २०२४

पत्र आईला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "माझं नाव तिला कुनी सांगितलं?"

मी म्हटलं, तिला कशावरून? तर म्हणाली, "खोटं बोलताना बाप्या इतकं गोड लिवत नाय."

मी माझं पत्र आठवून पाहिलं. त्यात आईचं नाव मी कुठेच लिहिलं नव्हतं. 'आई' एवढंच लिहिलं होतं. येसूबाई हे नाव गावाला ठाऊक आहे, आणि 'येसूकाकी' म्हणणारी माणसं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मग चंद्रभान हे नाव आठवलं. वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारे चंद्रभान साहेब. मराठवाड्याकडचे. त्यांची मुलगी दर्पणच्या वर्गात होती. तो घरी तिच्याबद्दल इतकं बोलायचा की मी त्याला चिडवायचे. ती एकदा आमच्याकडे आलीही होती, अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांचे फोटो काढायला. नाकाला रुमाल लावला होता आणि तरीही हसत होती.

प्रियदर्शिनी. तूच ना?

तुला 'तुम्ही' म्हणत होते मी.

रिद्धी

*

पुणे,
ता. २७ ऑक्टोबर २०२४

प्रिय रिद्धी,

हो, मीच. तीन वेळा पत्र लिहायला बसले आणि तीनदा उठले. आता सगळं एकदाच लिहून टाकते, नाहीतर पुन्हा काहीतरी गुळगुळीत लिहीन.

वर्गात मी एकदा म्हणाले होते की मी पापलेट कधी खाल्लं नाही. आमच्या घरात मासा कधीच शिजला नव्हता. मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते. दर्पणने ते घरी सांगितलं असणार. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या क्वार्टरच्या दारात उभा राहिला, हातात स्टीलचा डबा. म्हणाला, "आईने कालवण पाठवलंय. येऊ का आत?"

आत आई होती, तिच्या माहेरची माणसं आली होती. डब्याचा वास जिन्यापर्यंत पसरला होता. मी घाबरले. म्हटलं, "नको, आत नको येऊस." त्याला वाटलं मी गंमत करतेय. हसत पुन्हा म्हणाला, "ये म्हण ना." मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं आणि दार लावून घेतलं. दारामागे उभी राहिले. तो थोडा वेळ तिथेच होता, मला त्याच्या चपला दिसत होत्या, फटीतून. मग गेला.

दुसऱ्या दिवशी तो होडीवर गेला, आणि तिसऱ्या दिवशी कॉलेजमध्ये कळलं.

रिद्धी, मी पुस्तकं लिहिली ती मुलांना घाबरवायला नाही. गेली सतरा वर्षं तिन्हीसांजेला माझ्या दाराच्या फटीतून मला चपला दिसतात. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. ते कुठेतरी ठेवायला जागा हवी होती म्हणून ईशान लिहिला. तो इतका विकला जाईल, त्याचा सिनेमा होईल, असं स्वप्नातही नव्हतं.

काकींना हे सांगू नकोस. किंवा सांग. तू ठरव.

प्रियदर्शिनी

*

घिवली,
ता. १५ डिसेंबर २०२४

प्रियदर्शिनी,

दीड महिना उत्तर दिलं नाही, कारण रोज मनात वेगळं उत्तर यायचं आणि प्रत्येकात शिव्या होत्या. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवलंय.

रक्त पिणारा ईशान नव्हे. तू आहेस. माझ्या भावाला दारातून हाकललंस आणि मग त्याच्यावर चार पुस्तकं जगलीस. हे लिहून टाकल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नव्हतं.

पुढचं असं, की मीही काही गंगेत न्हालेली नाही.

त्या संध्याकाळी दादा घरी आला तेव्हा डबा रिकामा होता. आईने विचारलं, आवडलं का तिला? म्हणाला, "लय आवडलं." मग गुपचूप निजला. पहाटे तोच शर्ट घालून निघाला. मी दात घासत अंगणात उभी होते. तो वाळूत उतरला तेव्हा मला दिसलं की मी लावलेलं पांढरं बटण नाही. शर्ट मध्येच उघडा होता. मी पंधरा वर्षांची, मला त्या बटणाचा अभिमान. मी मागून ओरडले, "दादा, थांब! बटण तुटलंय!"

होडीवर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. वाण्याकडे निघालेल्यालाही कुणी मारत नाही, इथे तर समुद्र. दादा वळला, भुवई वर करून हसला, हाताने 'आल्यावर' अशी खूण केली आणि गेला. पुंडलिककाकांनी ऐकलं होतं. त्यांनी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, पण ते माझ्याशी कधी नीट बोललेले नाहीत.

आई तेव्हा चुलीपाशी होती. तिने ऐकलं नसावं अशी आशा धरून मी सतरा वर्षं काढली. त्या दिवसापासून पापलेट माझ्या घशाखाली उतरत नाही, दादाचा तो डबा आठवतो. मी म्हणते, मला पित्त होतं.

म्हणजे बघ, तू त्याला बोलावलं नाहीस आणि मी बोलावलं. दोघींनीही नको तेच केलं.

सिनेमावाल्यांना आईने परस्पर होकार देऊन टाकलाय. जानेवारीत शूटिंग आहे. म्हणते, "तो येनार हाय तर दार देऊ नको का?" ईशानचं काम करणारा मनीष नावाचा मुलगा आहे, नाटकातला. त्याला तो शर्ट घालून, ती भुवई करून आईसमोर उभा करणार आहेत. आईला तोंड दिसत नाही हे विसरू नकोस. तिला तो दर्पणच वाटेल. मग संध्याकाळी सामान बांधून तो निघून जाईल, आणि ती दुसऱ्यांदा मुलगा घालवेल.

तू ये. हे तू उभं केलंयस, तूच येऊन थांबव.

रिद्धी

*

पुणे,
ता. ३ जानेवारी २०२५

रिद्धी,

मला शिव्या दिल्यास ते बरं केलंस.

सिनेमा मी थांबवू शकत नाही, हक्क लिहून दिलेत. दिग्दर्शकाशी भांडून एकच गोष्ट पदरात पाडून घेतली: मनीषच्या शर्टाची सगळी बटणं निळी असतील. निदान ते बटण तरी तुमच्या दारात दिसू नये. कपडे सांभाळणाऱ्या बाईंनी फोटो पाठवला, सगळी निळी आहेत.

येणं मला जमणार नाही. बोईसरचं तिकीट काढलं होतं, ते रद्द केलं. काकींसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

पाचवा भाग लिहायचा राहिलाय. मी त्यात ईशानला उन्हात जाळणार आहे. प्रकाशकाला ते पसंत आहे. तो कायमचा गेला हे पुस्तकातच वाचलं तर कदाचित काकी वाट पाहायच्या थांबतील.

प्रियदर्शिनी

*

घिवली,
ता. २४ जानेवारी २०२५

प्रियदर्शिनी,

शूटिंग झालं. जसं झालं तसं लिहिते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी दाराचा प्रसंग होता. आतली बाई म्हणून मुंबईची एक नटी उभी केली होती. आमची आई मागच्या खोलीत, भाविका तिला धरून. मनीष उंबऱ्याबाहेर उभा राहिला. खरं सांगते, मी समुद्राकडे बघत राहिले, त्याच्याकडे बघवलं नाही. तो म्हणाला, "येऊ का आत?" नटीने तोंड उघडायच्या आधीच मागून आईचा आवाज आला, "ये."

दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. आई भिंत चाचपत पुढे आली, मनीषचा हात धरून त्याला आत नेलं आणि पाटावर बसवलं. भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं. पोरगं बिचारं इकडेतिकडे बघत जेवायला लागलं. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, भुवईवर बोट थांबलं, घासलं. खाच बोटाला आली.

"रंग हाय," ती म्हणाली, आणि आणखी भात वाढला.

तो गेल्यावर मी विचारलं, मग ये कशाला म्हटलंस? म्हणाली, "भुकेला होता."

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. ईशान उजाडताना होडीत बसून जातो तो. होडी पुंडलिककाकांची. अख्खं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. मनीष आमच्या दारातून निघाला, वाळूत उतरला, अर्ध्या वाटेवर गेला. आणि माझी आई उंबऱ्यावर उभी राहून ओरडली:

"मनीष! अरे थांब!"

दर्पण नाही म्हणाली. ईशान नाही. मनीष म्हणाली, अगदी स्पष्ट.

तो वळला, हसला, हात केला. त्याला काय ठाऊक. पण किनाऱ्यावरच्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. पुंडलिककाकांनी होडीवरचा हात काढला. "आज नाय नेत मी," म्हणाले. दिग्दर्शक म्हणाला, ऊन चढेल, आजचा शेवटचा दिवस आहे. बरीच बाचाबाची झाली. शेवटी काका देवाचं नाव घेऊन चढले.

तासाभरात परत यायचं होतं. नऊ वाजले. अकरा वाजले. होडी नजरेआड गेलेली. आई उंबऱ्यावर बसून सुके बोंबील निवडत होती, पण बोंबील त्याच दोन ढिगांत इकडून तिकडे करत होती. मी तिच्या अंगावर ओरडले, "काय केलंस तू हे? कुणाचा पोर हाय तो!"

ती वर न बघता म्हणाली, "तूपन केलंतंस."

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

"चुलीपाशी होते म्हून काय बहिरी होते?" ती म्हणाली. "सतरा वरसं बघते. पित्त होतं म्हनतेस. पापलेटाचा वास आला की उठून जातेस. किती येळा सांगायचं मनात आलं, तुझ्या हाकेनं गेला नाय तो. पन नुसतं सांगून तुला पटलं असतं?"

"आणि हा आला नाही तर?"

तिने बोंबील खाली ठेवले. "मला लय भ्याव वाटतंय गो," ती म्हणाली. "देवाला सांगितलंय, मला ने, त्याला नको नेऊ."

दीड वाजता दुसऱ्या होडीने ओढत आणलं त्यांना. होडीच्या इंजिनाच्या पंख्यात जुनं जाळं अडकलं होतं, बाकी काही नाही. मनीष गुडघाभर पाण्यातून चालत आला, उन्हाने लाल झालेला, आणि सरळ आमच्या दारात येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही सकाळी हाक मारली होती. काय काम होतं?"

आईने त्याच्या दोन्ही गालांवर हात ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हाक मारलेला मानूस आला. बघितलंस? आता जेव."

आईने वाढलेलं पापलेट मी खाल्लं. रडत रडत खाल्लं, काटाही टोचला. पुंडलिककाका ओल्या कपड्यांनी अंगणात उभे होते. जाताना म्हणाले, "येतो, रिद्धी." सतरा वर्षांत पहिल्यांदा.

आता जे लिहिते ते मी सुजीतलाही सांगितलेलं नाही. संध्याकाळी सिनेमावाले गाड्या भरून बोईसरला गेले. आईने स्वतः दार ओढून घेतलं. म्हणाली, आता उघडं ठेवायचं काम नाय. भरतीची वेळ होती, समुद्र जोरात होता. आणि बाहेरून आवाज आला, "येऊ का आत?"

आवाज बाईचा की बाप्याचा, कळलं नाही. रडून बसलेला असावा तसा होता. भाविका मला येऊन चिकटली. मी म्हटलं, मनीष असेल. आई म्हणाली, "मनीष गेला." ती उठली, दाराला हात लावून उभी राहिली. मला वाटलं ती आता 'ये' म्हणणार. तिने कपाळ दाराला टेकवलं आणि म्हणाली, "जेवान झालंय आमचं. सगळी सुखी हाव. तू जा आता, बाळा."

थोडा वेळ काही नाही. मग काही नाहीच.

सकाळी झाडताना उंबऱ्यावर एक पांढरं बटण सापडलं. त्यात काळा दोरा अडकलेला आहे. माझीच गाठ आहे, दुहेरी. मनीषच्या शर्टाची बटणं निळी होती, ते मी स्वतः बघितलं. प्रियदर्शिनी, समुद्रात गेलेलं बटण सतरा वर्षांनी उंबऱ्यावर कसं येतं? मला त्याला हात लावायची भीती वाटते. आईने मात्र ते तिच्या कनवटीला बांधलंय.

रिद्धी

*

पुणे,
ता. २ फेब्रुवारी २०२५

रिद्धी,

घाबरू नकोस. समुद्रातून काही आलेलं नाही. मी आले होते.

शूटिंगचा शेवटचा दिवस होता, राहवलं नाही. बोईसरला उतरून रिक्षा केली. गाड्या निघून जाईपर्यंत सुरूच्या झाडांमागे उभी राहिले. मग तुमच्या उंबऱ्यापाशी आले. सतरा वर्षं लिहिलेलं वाक्य एकदा स्वतः म्हणायचं होतं. म्हटलं, "येऊ का आत?" आणि काकी म्हणाल्या, तू जा आता.

मला राग आला नाही. मी त्याला तेच म्हटलं होतं. फक्त तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ते दाराच्या बाहेरून कसं ऐकू येतं.

बटण माझ्याजवळ होतं. त्या संध्याकाळी त्याला ढकललं तेव्हा ते माझ्या हातात राहिलं. एवढं मी तुझ्यापासून लपवलं, आणि तू तुझ्या हाकेचं लिहिलंस त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. बटण तुटलं नसतं तर तू ओरडलीच नसतीस. तुझी सतरा वर्षं त्या बटणापायी गेली आणि बटण माझ्या पेटीत होतं.

ते तुमचं होतं, ठेवून निघून आले. आता पुन्हा येणार नाही. पाचवा भाग लिहिणार नाही असं प्रकाशकाला कळवलंय.

प्रियदर्शिनी

*

घिवली,
ता. १६ फेब्रुवारी २०२५

(आई सांगते तसं, तिचा 'ळ'चा 'ल'ही तसाच ठेवून लिहिते आहे. मध्ये बोलायचं नाही असा मला दम आहे. रिद्धी)

प्रियदर्शिनीस येसूबाईचा आशीर्वाद.

पालघरला जाऊन आले. डाव्या डोल्याची पट्टी निघाली. रिद्धीचं तोंड बघितलं, तर केस पिकलेत पोरीचे. दर्पणचा फोटू बघितला. तो हाय तेवढाच हाय.

तुझी सगली पत्रं तिनं मला वाचून दाखवली, पिठाच्या डब्याखालचंपन. त्यात मला नवीन कायच नव्हतं. माझा पोर त्या सांजेला डबा रिकामा घेऊन आला. आनि डबा घासलेला. जन्मात त्यानं कधी डबा घासला नव्हता. तेवाच मला कललं का कालवन तू खाल्लं नाय, वाटेत कुत्र्यामांजरांना घातलं आनि डबा नलावर घासला. त्यानं तुझं नाव खराब केलं नाय. मंग मी कशाला करू?

मी दाराआडून जा म्हटलं ते तुला नाय म्हटलं. त्याला म्हटलं. तुझा आवाज मी वलखला नाय. मला वाटलं खरंच आला, आनि माझा जीव तुटत होता ये म्हनायला. पन त्याला किती दिवस उभा ठेवायचा? म्हून जा म्हटलं. तू मधी आलीस ती तुझी चूक नाय, माझीपन नाय.

बटन मी भाविकाच्या शालेच्या झग्याला लावलं. काल्या दोऱ्यानंच.

पुस्तक लिव. त्याला उन्हात जालू नको, आमच्या पोरांना उन्हाची सवय असते. कुनीतरी त्याला आत घेऊ दे, पोटभर जेवू दे, मंग तो जाईल.

येत्या रविवारी पुंडलिक होडी घेऊन जानार हाय. पापलेट मिललं तर तुझ्या वाटचं कालवन करीन. मागचं तू खाल्लं नाय, ते ऱ्हायलंय. बोईसरवरून रिक्षा कर आनि सरल ये. दार लोटलेलं असंल, कडी नसंल. उंबऱ्यावर थांबून इचारत बसू नको.

ये.